झाकण

पहिल्यांदा गेलो तेव्हा चित्स्केने मला
कुत्री दाखवलीच नाही.
बूट दारात काढायला लावले, कॉफी दिली, एक बिस्किट,
आणि डबा परत फडताळात ठेवला.
मग वही उघडून विचारलं:
पूल किती वाजता उघडतोस, येल्मर?

सहाला, म्हणालो. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत.
शिडाची बोट आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा,
गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा,
नावाडी त्यात पैसे टाकतात.
तिला बुटाचं कौतुक नव्हतं.
पंधरा तास, तिने लिहिलं. खाली रेघ ओढली.

घरात कोणी नाही, म्हणालो. सोबत होईल मला.
"तुला होईल," ती म्हणाली.
"तिला कोणाची?"

परतताना वारा समोरून होता.
सायकल रेटत मी तिला
फ्रीसलँडभरच्या असतील नसतील त्या शिव्या घातल्या.
पैसे मोजायला आलेल्या माणसाला
कोणी असं उठवून लावतं का?
त्याच रात्री दुसरीकडे फोन केला. एक माणूस
हमरस्त्यावरच्या पार्किंगमध्ये भेटू म्हणाला,
रंग सांगा, आजच देतो, आई लांब असते.
आई लांब असते.
मी फोन ठेवला. का, ते तेव्हा नीट कळलं नाही.

हिवाळाभर नगरपालिकेला पत्रं लिहिली.
मार्चमध्ये उत्तर आलं, शिक्क्यासह:
पुलाच्या केबिनमध्ये एक कुत्रा ठेवण्यास हरकत नाही,
मात्र बटणांपासून दूर.
चित्स्केने ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
म्हणाली, बाउक्येला यंदा विश्रांती आहे. पुढच्या वसंतात ये.
थांबलो.

पुढच्या वसंतात तिने आतलं दार उघडलं.
वॉशिंग मशीनच्या शेजारी, लाकडी चौकटीत
बाउक्ये पसरली होती, पोटाशी सहा जणांची ढकलाढकली.
ओट्यावर पिठाचा तराजू,
भिंतीवर रोजची वजनं, ग्रॅममध्ये.
चौथ्या पिल्लापुढे रात्रीचे दोन, चार, सहा,
अक्षर झोपेने कलंडलेलं.
बाउक्येच्या खुब्यांचे एक्स-रे तिने खिडकीला धरले,
लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे.
बाउक्येने माझा हात हुंगला,
बोटांचं ग्रीस, बाहीवरचं कालव्याचं पाणी,
आणि डोकं परत खाली टेकवलं.
चित्स्केने तेही लिहून घेतलं.

दर रविवारी गेलो. मला हवी होती
ती कोपऱ्यातली, एकटी झोपणारी.
माझ्यासारखी, वाटायचं.
सातव्या रविवारी चित्स्के काही बोलली नाही.
कढईचं झाकण उचललं आणि फरशीवर टाकलं.

कोपऱ्यातली आईखाली शिरली, बराच वेळ बाहेर आली नाही.
चार दचकून पांगली.
एक, कानावर शाई सांडल्यागत काळी,
दचकली, थांबली,
मग तुरुतुरु येऊन
अजून थरथरणाऱ्या झाकणावर तिने पंजा ठेवला.
"तुझ्याकडे दिवसभर भोंगे वाजतात," चित्स्के म्हणाली.
"कोपऱ्यातली त्या शाळेतल्या बाईंकडे जाईल. बाग आहे त्यांची."
माझी निवड झाली होती.

करार चार पानांचा.
तिसऱ्यावर लिहिलं होतं: कधीही, कोणत्याही कारणाने
सांभाळणं जमलं नाही, तर इतर कुठे नाही,
इथेच आणायची.
दहा वर्षांनी? विचारलं. म्हातारी झाल्यावर?
मी असेन तर मी, म्हणाली, नसेन तर माझी लेक. तिची सही खाली आहे.
माहेर असं कागदावर लिहून दिलेलं
मी पहिल्यांदाच पाहत होतो.
बिस्किटांचा डबा त्या दिवशी टेबलावरच राहिला.

आठवडाभर बाउक्येखाली अंथरलेला माझा जुना शर्ट
तिने न धुता पिशवीत घातला.
पाठवणीला दारापर्यंत मात्र आली नाही.
नळ सोडून भांडी घासत बसली,
ती घासलेलीच होती.

आज सकाळी सव्वासहाला पहिला भोंगा.
शर्टावरून एक काळा कान उठला.
तिने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे:
ऐकू आलं नाही का तुला?
आलं, आलं, म्हणालो,
आणि फाटक पाडायला उठलो.